कॅमेरा रात्रीच आंधळा का होतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणाऱ्या माणसानं केबलच्या दुरुस्तीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण माझा भाचा गेली दहा-बारा वर्षं महाड आणि पोलादपूर तालुक्यांत सुरक्षा कॅमेरे बसवण्याचं काम करतो, आणि बसवण्याहून जास्त काम दुरुस्तीचं असतं. गेल्या काही पावसाळ्यांत मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून पुष्कळ हिंडलो. ‘मामू, तुम्ही फक्त शिडी धरा, शायरी घरी गेल्यावर,’ असा आमचा करार. शिडी धरून वर पाहत उभं राहिलं की माणूस प्रश्न विचारतो, आणि भाचा उत्तरं द्यायला कंटाळत नाही. त्या उत्तरांतलं जेवढं मला नीट उमगलं, तेवढंच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आता कॅमेरे कुठे नाहीत? बाजारपेठेतल्या दुकानांवर आहेत, सोसायट्यांच्या जिन्यांत आहेत, शाळांच्या फाटकांवर, पेट्रोल पंपांवर, भाताच्या गिरण्यांवर आहेत. चित्र दिसेनासं झालं की लोक एकच वाक्य बोलतात, ‘कॅमेरा गेला.’ भाच्याचा अनुभव असा, की बहुतेक वेळा कॅमेरा बिचारा धडधाकट असतो. गेलेली असते ती केबल. भिंतीवरून, पत्र्याखालून, झाडामधून पन्नास-साठ मीटर गेलेली ती बोटभरसुद्धा जाड नसलेली काळी नाहीतर करडी दोरी. तिच्याकडे कुणी पाहत नाही, कारण पाहण्यासारखं तिच्यात काही नसतं.

पूर्वीच्या कॅमेऱ्यांना दोन वाटा लागत. चित्र नेणारी टीव्हीच्या केबलसारखी एक गोल केबल, आणि विजेसाठी वेगळी वायर. अजूनही अनेक ठिकाणी तीच पद्धत आहे. नव्या पद्धतीत संगणकाला जोडतात तीच लॅन केबल कॅमेऱ्याला जाते आणि तीच एक केबल दोन्ही कामं करते. तिच्यातून चित्र खाली येतं आणि वीज वर जाते. ही वीज घरातली २३० व्होल्टची नव्हे. साधारण ४४ ते ५७ व्होल्ट, तीही एकाच दिशेनं वाहणारी. २००३ मध्ये याचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. त्यात एक गंमत आहे. खालच्या पेटीतून, म्हणजे स्विचमधून, जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात आणि पलीकडे पोचण्याची हमी दिली जाते ती १२.९५ वॅटची. मधले अडीच वॅट वाटेत केबल गरम करण्यातच जातील, हे हिशेबात आधीच धरलेलं आहे. ही वाटखर्ची लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

केबल सोलली की आत आठ बारीक तारा निघतात. त्या आठ सुट्या नसतात. दोन-दोनच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. हा पीळ कशासाठी, हे मी भाच्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मला वाटलं, मजबुतीसाठी असेल, सुंभासारखा. तसं नाही. शेजारून विजेची वायर गेली, मोटर सुरू झाली, ट्यूबलाइट पेटली, की तिचा त्रास या तारांना होतो. जोडीतल्या एका तारेतून संदेश जातो आणि दुसरीतून त्याचाच उलटा संदेश जातो. पलीकडचं यंत्र या दोहोंतला फरक तेवढा वाचतं. पिळामुळे दोन्ही तारा आलटून-पालटून त्रासाच्या सारख्याच जवळ येतात, दोघींवर सारखाच गोंगाट चढतो, आणि फरक काढताना तो वजा होऊन जातो. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवलेला असतो तोही मुद्दाम, म्हणजे एका जोडीची बडबड दुसरीला ऐकू जाऊ नये.

म्हणून केबल तुटली की तारा सोलून, एकेक पिळून वर टेप गुंडाळायची, ही आपल्याकडची सर्रास चालणारी दुरुस्ती इथे फसते. घरातल्या बल्बला ती चालते, कारण बल्बला फक्त वीज हवी असते. इथे तारेला तार जुळली तरी पीळ तेवढ्या जागेत मोडलेला असतो. कनेक्टर बसवतानासुद्धा १३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उकलू नये असा दंडक आहे. आणि आपले हौशी कारागीर बोटभर उकलून ठेवतात!

कनेक्टरमध्ये तारांचा क्रम ठरलेला असतो. भाचा तो मंत्रासारखा पुटपुटतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. माझ्यासारख्या छंद मोजणाऱ्याला इथे खटकतं. सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी बसल्या, मग हिरव्या जोडीलाच मध्ये निळ्यांना जागा देऊन का फाकवलं? त्याचं कारण जुनं आहे. टेलिफोनच्या जोडणीत मधल्या दोन जागा एका लाइनच्या असत. तो मान नव्या कनेक्टरनंही राखला, आणि हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर गेली. आता एखाद्यानं ‘दोन्ही टोकांना सारखाच क्रम ठेवला की झालं’ म्हणून केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा सरळ ओळीत तारा घातल्या, तर काय होईल? साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतील. कारागीर म्हणेल, ‘काम ओके.’ पण तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरच्या तारा आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या आहेत, एकमेकींशी पिळलेल्या नाहीत. छोट्या लांबीत चालून जाईल. पन्नास मीटरवर चित्र अडखळेल, तुटेल, पुन्हा येईल. हा दोष दिव्यांत दिसत नाही, म्हणून माणसं कॅमेरे बदलत बसतात. कनेक्टर पारदर्शक असतो. तो डोळ्यांसमोर धरून रंग वाचणं ही यावरची सगळ्यात स्वस्त तपासणी.

केबल मरते कशानं? आमच्या भागात पहिलं नाव पाण्याचं. महाड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. करड्या रंगाची घरात वापरायची केबल बाहेर उन्हात टाकली की तिचं आवरण एक-दोन उन्हाळ्यांत कडक होतं आणि त्याला तडे जातात. तेवढ्या फटीतून पाणी आत शिरलं की ते तिथेच थांबत नाही. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते तारांमधल्या बारीक पोकळीतून मीटरच्या मीटर सरकत जातं. फट गच्चीवर असते आणि पाणी निघतं खाली ऑफिसातल्या स्विचमध्ये, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यात तारांवर सतत एका दिशेची वीज उभी असते. पाणी आणि ही वीज मिळून तांबं खातात. कनेक्टरच्या सोनेरी दातांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. म्हणून बाहेरच्या कामाला काळ्या, पॉलिथिनच्या आवरणाची केबल घ्यावी. त्यातही आत जेल भरलेली मिळाली तर उत्तम, कारण पाणी सरकायला पोकळीच उरत नाही.

जुन्या कोकणी घरांना पागोळ्यांचं शहाणपण होतं. छपराची कड भिंतीपासून पुढे काढायची, म्हणजे पाणी भिंतीवरून न वाहता थेंबाथेंबानं अंगणात पडतं. केबललाही तेच लागतं. ती भिंतीत किंवा पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्यायचा. पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, वर चढून आत जात नाही. एका वितीचं काम आहे, पण दहातल्या आठ ठिकाणी केलेलं नसतं.

पाण्यानंतर दात. उंदीर-घुशींचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं. घाटाच्या बाजूला वानरं केबलला लोंबकळतात. आणि महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेच्या दुकानदारांना जेसीबीची जी ओळख झाली, तिच्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. जेसीबीनं ओढलेल्या केबलची खोड अशी, की ती तुटलेली एका जागी दिसते आणि जायबंदी झालेली असते दहा जागी. अशी केबल सुमारे ११ किलोच्या ओढीपलीकडे ताणू नये असं प्रमाण आहे. आतल्या तारा लांबतात, बारीक होतात, पीळ सैलावतो. अशा वेळी तुटलेली टोकं जोडून भागत नाही. दोन्ही बाजूंचा ताणलेला भाग कापून टाकावा लागतो, आणि शक्य तर अख्खी केबलच नवी ओढावी.

आता पोलादपूरकडच्या एका गिरणीची हकिकत सांगतो. गिरणीवाल्यांकडे चार कॅमेरे होते. त्यांतला मागच्या पडवीवरचा तिसरा कॅमेरा पंधरा दिवस रात्री बंद पडत होता. दिवसा चित्र स्वच्छ, रात्री पडदा काळा. याच दिवसांत तांदळाची दोन पोती कमी भरली. गिरणीवर हमाली करणारा कातकरी वाडीतला एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा मागच्या पडवीतच झोपायचा. मालकांनी दोन आणि दोन चार केले. ‘रात्री हाच वायर ओढतो, सकाळी परत लावतो. नाहीतर तांब्याचा तुकडा कापून विकला असणार.’ त्याची आठवड्याची मजुरी त्यांनी अडवून ठेवली होती आणि पोलिसांत जायचं बोलत होते. मुलगा कोपऱ्यात उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तोही काही बोलत नव्हता.

भाच्यानं शिडी काढलीच नाही. आधी रेकॉर्डर उघडला. रेकॉर्डरमध्ये चित्राखेरीज एक रोजनिशीही असते. कोणता कॅमेरा किती वाजता तुटला, किती वाजता परत आला, याची नोंद यंत्र आपणहून ठेवतं. ती नोंद त्यानं मालकांना वाचून दाखवली. रोज संध्याकाळी सातच्या पुढेमागे तुटतो. रात्रभर दर दोन-तीन मिनिटांनी येतो, जातो, येतो, जातो. सकाळी सहा-साडेसहाला स्थिर होतो. ज्या दिवशी आभाळ भरून आलं होतं त्या दिवशी पावणेसातलाच तुटला. एका दिवशी तर भर दुपारी, मुलगा समोर पोती उचलत असताना, अंधारून आलं तेव्हा दहा मिनिटं गेला. मालक दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे तो कोण, सूर्य वायर काढतो की काय?’

खरंतर तसंच होतं. अंधार पडला की कॅमेरा आपल्या भिंगाभोवतीचे दिवे लावतो. आपल्या डोळ्यांना त्यांचा उजेड जवळजवळ दिसत नाही, पण त्यांना वीज लागते. दिवसा कॅमेरा थोडक्या विजेवर चालतो, रात्री त्याची भूक एकदम वाढते. केबल कुठेतरी कुजलेली असेल, तर दिवसाची थोडी वीज त्या कुजक्या जागेतून कशीबशी निघते. रात्रीची जास्त वीज निघताना मात्र तिथेच इतका दाब खर्च होतो की पलीकडे पुरेसे व्होल्ट उरत नाहीत. मघाशी सांगितलेली वाटखर्ची इथे प्रवासापेक्षा मोठी होते. कॅमेरा विझतो. विझला की भार जातो, व्होल्ट वर येतात, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दिवे लावतो आणि पुन्हा विझतो. दिवसा चांगला आणि रात्री येरझाऱ्या, हे लक्षण दिसलं की कॅमेऱ्याला दोष देण्याआधी केबलवर संशय घ्यावा. माणसावर तर त्याच्याही नंतर.

मग शिडी लागली, आणि ती धरायला भाच्यानं मला नाही, त्या मुलाला बोलावलं. त्यानं मागच्या पत्र्याच्या वळचणीला बोट दाखवलं. तिथे रात्री खुडबूड असते, असं तो म्हणाला. पंधरा दिवसांतलं ते त्याचं पहिलं वाक्य असावं. वळचणीत केबलच्या आवरणावर दोन-दोन समांतर ओरखडे होते, दातांचे. एका जागी आवरण अर्धं गेलेलं, आणि नेमकी ती जागा गळक्या पत्र्याखाली. भाच्यानं तिथे केबल कापली तर आतून थेंब गळले. तारेचं टोक त्यानं चाकूनं खरवडलं. वर तांब्याचा रंग आणि आत पांढुरकी धातू! केबल तांब्याची नव्हतीच. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा होता. अशी केबल बाजारात स्वस्त मिळते आणि दिसते हुबेहूब. तिच्यात विजेला होणारा अडथळा शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, वाकवली की ती लवकर मोडते, आणि ओल लागली की मुलाम्याखालचं ॲल्युमिनियम झपाट्यानं सडतं. ‘शेठ, ही चोरून विकली असती तर भंगारवाल्यानं चहाचे पैसे दिले नसते,’ भाचा म्हणाला.

दोन पोती कुठे गेली ते काही कळलं नाही. कळणारही नाही, कारण त्या रात्रींचं चित्रच नाही. मुलाची मजुरी मालकांनी त्याच संध्याकाळी दिली. नोटा दोनदा मोजल्या आणि दिल्या. बाकी बोलणं काही झालं नाही. मी परत येताना भाच्याला म्हटलं, की तू रोजनिशी आधी उघडलीस हे बरं केलंस. तो म्हणाला, ‘मामू, शिडी चढण्यापेक्षा वाचणं सोपं असतं.’ त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

दोष शोधायची त्याची रीत सांगतो, कारण ती कुणालाही घरी वापरता येईल. बंद पडलेला कॅमेरा उतरवायचा आणि स्विचपाशी आणून एक मीटरच्या चांगल्या केबलनं जोडायचा. चालला, तर कॅमेरा निर्दोष. मग स्विचची जागा बदलून पाहायची. कधीकधी तेवढंच एक भोक मेलेलं असतं. तिसऱ्या पायरीला केबलची दोन्ही टोकं कापून नवे कनेक्टर बसवायचे. निम्मी दुखणी इथेच बरी होतात. बाहेरचं टोक कापताना दोन बोटं कापून थांबायचं नाही. तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापत जायचं. काळवंडलेल्या तारेवर नवा कनेक्टर म्हणजे ओल्या भिंतीवर रंग. एवढ्यानं भागलं नाही, तर दोष मध्ये कुठेतरी आहे.

तो किती अंतरावर आहे हे सांगणारं यंत्र मिळतं. ते केबलमध्ये विजेचा एक बारीक ठोका सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं. आंबेनळी घाटात कड्यासमोर हाक मारून पाहा, कडा जितका दूर तितका आवाज उशिरा परत येतो. तारेतला ठोका प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगानं, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर जातो. तार चाळीस मीटरवर तुटली असेल, तर जाऊन-येऊन ऐंशी मीटर होतात, आणि प्रतिध्वनी सेकंदाच्या चाळीस लाखांश... नाही, सोपं करून सांगतो, एका सेकंदाचे पंचवीस लाख भाग केले तर त्यातल्या एका भागात परत येतो. यंत्र तेवढं मोजतं आणि पडद्यावर ‘४० मीटर’ असं लिहून देतं. मग ४० मीटर कुठे येतात ते शोधायला केबलच्या अंगावर दर मीटरला छापलेले आकडे असतात. शिंप्याची टेप केबलवर आधीच छापलेली असते, हे फार जणांना ठाऊक नसतं.

दोष सापडला की जोड द्यायचा की नवी केबल ओढायची? भाचा नेहमी नव्या केबलच्या बाजूनं असतो. जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं निमंत्रण, असं तो म्हणतो. पण दरवेळी ते शक्य नसतं. भिंतीत गाडलेला पाइप असतो, खिशाचाही प्रश्न असतो. मग जोड द्यायचाच तर त्यासाठी छोटी जोडपेटी मिळते. तिच्यात प्रत्येक तार आपापल्या रंगाच्या खाचेत दाबून बसवायची, पीळ अगदी खाचेपर्यंत राखायचा. ती पेटी झाकणाच्या मोठ्या पाणीबंद डब्यात ठेवायची, आणि केबल डब्यात खालच्या बाजूनं शिरेल अशी लावायची. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी. विजेच्या वायरींच्या पाइपमध्ये ही केबल कधीही घालू नये. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी. आणि महावितरणच्या खांबाला तर ती बांधूच नये. त्यात कायद्याआधी जिवाचा प्रश्न आहे. काम सुरू करण्याआधी स्विचचा प्लग काढायचा. ४८ व्होल्टचा झटका सहसा जीव घेत नाही, पण ओल्या शिडीवर दचकून पडलेल्या माणसाला तो किती व्होल्टचा होता हे विचारण्यात अर्थ नसतो.

दोन इमारतींमध्ये अंतर जास्त असेल, तर तांब्याचा हट्ट सोडून ऑप्टिकल फायबर घ्यावी. ती काचेची, तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा कशा कोसळतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एका इमारतीजवळ वीज पडली की दोन्ही इमारतींच्या जमिनीतल्या दाबात क्षणभर मोठा फरक पडतो, आणि मधली तांब्याची केबल ही त्या फरकाला मिळालेली आयती वाट असते. दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जळतात. काचेला त्याचं सोयरसुतक नसतं. फक्त तिच्यातून कॅमेऱ्याला वीज मिळत नाही, ती पलीकडच्या इमारतीतून द्यावी लागते.

महाडचं वेगळं सांगायला हवं, कारण आमच्याकडे पाणी वरूनच येतं असं नाही. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या कुशीत गाव वसलेलं, खालून बाणकोटच्या खाडीची भरती. २२ आणि २३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ते पाणी खाली उतरलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. वीज नव्हती, फोन नव्हते, रस्ते बंद होते. त्या रात्री कोणत्याही कॅमेऱ्यानं कुणाला वाचवलं नाही, वाचवू शकतही नव्हता. पाच वर्षं आधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, तेव्हा जवळच्या गॅरेजमधल्या एका मेकॅनिकनं रस्त्यावर धावत जाऊन पुढच्या गाड्या थांबवल्या, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. ते मी विसरत नाही. म्हणून कॅमेऱ्यांच्या जाहिरातीतला ‘संपूर्ण सुरक्षा’ हा शब्द मला पचत नाही.

पण पूर ओसरल्यावर भाच्याला जे काम आलं त्यात काही शिकण्यासारखं होतं. चिखलात दोन दिवस बुडालेली केबल धुऊन-वाळवून वापरता येईल का, असं लोक काकुळतीनं विचारायचे. दुकानातलं सगळं गेलेलं, निदान एवढं तरी वाचावं. नाही वाचत. टोक पाण्याखाली गेलं की आत पाणी आणि गाळ शिरलेला असतो, आणि तो उन्हात वाळत नाही. मात्र पुराच्या रेषेच्या वरचा भाग चांगला असू शकतो. भिंतीवरच्या त्या रेषेपासून चार-पाच मीटर वर केबल कापायची, तांबं पाहायचं. चकचकीत निघालं तर तिथून खालचीच बदलायची. ज्यांचा रेकॉर्डर तळमजल्यावर गल्ल्याखाली ठेवलेला होता, त्यांचं सगळं गेलं. तेव्हापासून भाचा महाडात रेकॉर्डर आणि स्विच वरच्या मजल्यावरच बसवतो. गिऱ्हाईक म्हणतं, गल्ल्यापाशी पाहिजे. तो म्हणतो, पडदा खाली ठेवा, पेटी वर राहील. याबाबतीत तो कुणाचंच ऐकत नाही.

चित्रात पडलेल्या खंडाचं महत्त्व आता पूर्वीपेक्षा वाढलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० च्या निकालात देशातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितलं, आणि चित्रण अठरा महिने, ते जमणार नसेल तर निदान एक वर्ष टिकलं पाहिजे असंही सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं चित्रण कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. पण कागद कितीही पक्का असला, तरी कुजक्या केबलमुळे जी रात्र नोंदलीच गेली नाही, ती कोणतंही प्रमाणपत्र परत आणू शकत नाही. आणि ठाण्याच्या कोठडीसमोरचा कॅमेरा ‘तांत्रिक बिघाडामुळे’ बंद होता असं जेव्हा वाचायला मिळतं, तेव्हा शिडी धरून शिकलेला मी आता लगेच विचारतो, की यंत्राच्या रोजनिशीत काय लिहिलं आहे? तो रोज अंधार पडताना तुटत होता, की त्या एकाच रात्री?

आमच्याकडे या कामाचा हंगाम मे महिना. कौलं चाळायची, पत्र्यांना डांबर लावायचं, त्याच फेरीत केबलवरून एकदा हात फिरवायचा. हात फिरवायचा म्हणजे खरोखर हातच. दातांचे ओरखडे डोळ्यांआधी बोटांना लागतात. कॅमेऱ्यामागच्या जोडाचं रबरी टोपण जागेवर आहे का ते पाहायचं. बसवणारे घाईत ते खिशात टाकून निघून जातात. दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावायची, म्हणजे ऐन पावसात सोळा काळ्या केबलींतून तिसरी कोणती हे शोधावं लागत नाही. टोकापाशी मीटरभर जादा केबल गुंडाळून ठेवायची; पुढच्या वेळी कुजलेलं टोक कापायला ती लागते. आणि दुरुस्ती दुपारी झाली असली, तरी पैसे घ्यायला भाचा दिवेलागणीनंतर जातो. कॅमेऱ्याचे दिवे लागले आणि दहा मिनिटं चित्र हललं नाही, की मगच तो बिल लिहितो.